एकदा तरी डाख लावून बघा!

फेब्रुवारी संपत आला की इंजिनीअरिंगच्या लास्ट इयरवाल्यांची धावपळ सुरू होते. विषय एकच, प्रोजेक्ट! ग्रुपमधला एक जण सीनिअरकडून कुणाचा तरी नंबर मिळवतो, चौघं मिळून पैसे काढतात आणि आठवड्याभरात 'स्मार्ट डस्टबिन' नाहीतर 'अंधांसाठी स्मार्ट काठी' हॉस्टेलवर येऊन पोचते. चालू स्थितीत, पॅक केलेली, वर रिपोर्ट आणि पीपीटी फुकट.

यावर मला नैतिकतेचं लेक्चर द्यायचं नाहीये, ते एचओडी देतातच. माझं दुखणं साधं आहे. या चौघांपैकी एकानेही आयुष्यात सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नसतं. व्हायवाच्या दिवशी टेबल हलतं, एक वायर सुटते, काठी मुकी होते आणि चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. कोड कुणालाही विचारता येतो, आता तर एआयला विचारला तरी तो लिहून देतो. सुटलेली वायर मात्र कुणालातरी हातानेच जोडावी लागते. दोन मिनिटांचं काम असतं ते. पण चार वर्षांत ते कुणी करायला लावलं नाही आणि आपणही 'शिकवा की' म्हणून मागे लागलो नाही.

बरं, हे काम काही परदेशातून आलेलं नाही. आपल्याकडे त्याला चांगला मराठी शब्द आहे, डाख लावणे. झाळणे असंही म्हणतात. आजीला विचारा, गळक्या घागरीला डाख लावून आणायची पद्धत तिला माहीत असेल. आणि कल्हईवाला? त्याच्या भट्टीपाशी तर सोल्डरिंगचं अख्खं शास्त्र बसलेलं असायचं. तो भांडं तापवायचा, त्यावर नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाने ते कथील क्षणात सगळीकडे फिरवायचा. आपण आयर्न, फ्लक्स आणि सोल्डर वायर घेऊन याच पायऱ्या चढतो. कथील म्हणजे टिन, आणि सोल्डर वायरमधला मोठा वाटा त्याचाच. नवसागराचं काम फ्लक्सचं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे धातूवर जो पातळ थर बसलेला असतो तो काढायचा, म्हणजे खालचा स्वच्छ धातू कथलाला भेटतो. मधे हा थर राहिला तर कथील पाऱ्यासारखं गोळा होऊन घरंगळतं.

(नवसागर इलेक्ट्रॉनिक्सला मात्र वापरायचा नाही हं. नवसागर किंवा नळकामवाल्यांचं ॲसिडचं फ्लक्स सर्किटवर मागे राहिलं तर पुढे तांबं खात बसतं. आपल्या वायरमध्ये असते राळ, पाइनच्या झाडाच्या चिकापासून केलेली. सोल्डर वायर कापून भिंगाखाली धरा, आत राळेची बारीक शीर दिसेल.)

कथील वितळतं २३२ अंशांना. शिसं ३२७ ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं तर ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, दोघांच्याही खाली! शिवाय ते द्रवाचं एकदम घन होतं, मधली लगदा अवस्था नाही. बाजारात जास्त दिसणारं ६०/४० मात्र पाचसात अंश लगद्यासारखं राहतं. तेवढ्यात वायर हलली की जोड बिघडला. म्हणून नवशिक्याने दुकानात मुद्दाम ६३/३७ मागावं.

आता मुख्य गोष्ट. सोल्डर म्हणजे फेविकॉल नव्हे. वितळलेलं कथील तांब्याला लागलं की दोघांचं मिळून एक नवं संयुग तयार होतं, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ थर. जोड धरतो तो या थरामुळे. हा थर तयार व्हायला तांबं स्वतः तापलेलं असावं लागतं. इथेच नव्वद टक्के घोळ होतो. आपण काय करतो? आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेतो आणि रंगाच्या ब्रशसारखा जोडावर नेऊन फासतो. वाटेतच राळ जळून गेलेली असते, खालचं तांबं थंड असतं आणि थेंब वर नुसता बसून राहतो. दिसायला जोड, प्रत्यक्षात शेजारी. यालाच 'कोल्ड जॉइंट' म्हणतात. सर्किट दुपारी चालतं, संध्याकाळी चालत नाही, हलवलं की चालतं, असल्या भुताटकीमागे बहुतेक वेळा हाच कोल्ड जॉइंट असतो.

आधी सगळं स्वच्छ करा. आयर्नचं टोक बोर्डावरच्या तांब्याच्या गोलाला आणि पार्टच्या पायाला, दोघांना एकदम टेकवा. एक सेकंद थांबा. मग सोल्डर वायर दुसऱ्या बाजूने जोडाला लावा, आयर्नला नाही. जोड तापला असेल तर ती आपोआप आत ओढली जाईल. आधी वायर बाजूला, मग आयर्न, आणि गार होईपर्यंत हात स्थिर. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. जोड डोंगराच्या उतारासारखा खाली पसरत गेला तर जमलं. साबुदाण्यासारखा गोल फुगून बसला तर पुन्हा तापवा. पहिले वीस जोड साबुदाणेच होतील, होऊ द्या.

सामान फार लागत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, आणि आता जिल्ह्याच्या गावीही इलेक्ट्रॉनिक्सचं एखादं दुकान असतंच. २५ वॅटचं आयर्न, स्टँड, ओला करायचा स्पंज, बारीक सोल्डर वायर, चुकलेलं काढायला सोल्डर पंप आणि तांब्याच्या जाळीची विक, कटर. हजार रुपयांच्या आतबाहेर सगळं बसतं. चौघांत वाटून घेतलं तर एका पिझ्झ्याइतकं. बजेट असेल तर तापमान ठरवता येणारं स्टेशन घ्या, शिसं असलेल्या वायरला ३२० ते ३५० अंश पुरतं. आणि एक कळकळीची विनंती, टोक काळं पडलं म्हणून कानशीने घासू नका. आत तांबं आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो घासून काढला की वितळलेलं कथील आतलं तांबं खात सुटतं आणि टोक महिन्याभरात खड्ड्यात जातं. ओल्या स्पंजवर पुसायचं, लगेच थोडं सोल्डर लावून ठेवायचं. ठेवून देतानाही टोकावर सोल्डर असू द्यायचं.

'एवढ्याशा जोडाने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट, गेमर मंडळींना माहीत असेलच. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर लाल दिव्यांचं कडं पेटायचं आणि खेळ खलास. जुलै २००७ मध्ये कंपनीने वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात कारण सांगितलं गेलं. कन्सोल तापतो, गार होतो, पुन्हा तापतो, या रोजच्या ताणाने चिपच्या आतले बारीक जोड तुटत होते. जगातले उत्तम इंजिनीअर, अफाट पैसा, आणि गाडं अडलं जोडापाशी.

आता सेफ्टी. इथे मला आपल्या कॉलेजांवर जरा चिडायचंय. ज्या थोड्या कॉलेजांत सोल्डरिंग होतं, तिथे ते अनेकदा बंद खिडक्यांच्या एसी लॅबमध्ये होतं, आणि सेफ्टी म्हणजे भिंतीवरचा एक फिकट तक्ता. कुणी नीट सांगतच नाही की धोका नेमका कशात आहे. मुलांना वाटतं, धुरातून शिसं फुफ्फुसात जातं. आपण वापरतो त्या तापमानाला शिशाची वाफ होण्याचं प्रमाण नगण्य असतं. दिसणारा धूर असतो राळेचा. तो निरुपद्रवी नाही, रोज श्वासात गेला तर दमा लावतो, आणि एकदा ती ॲलर्जी बसली की थोड्या धुरानेही छाती भरते.

शिसं वेगळ्याच वाटेने येतं, बोटांवरून. वायर हाताळलेली बोटं तशीच वडापावला लागली की शिसं पोटात. आणि ज्यांना दोन हात कमी पडतात म्हणून सोल्डर वायर दातांत धरायची सवय आहे (दुकानात असे उस्ताद बघितले असतील), त्यांनी ती आजच सोडावी. शिशाची 'इतकी चालेल' अशी सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपण पेट्रोलमधलं शिसं २००० साली काढून टाकलं ते उगाच नाही. तेव्हा उपाय अगदी आईच्या शिस्तीतला आहे. त्या टेबलावर चहा नाही, खाणं नाही, आणि उठल्यावर साबणाने हात. सॅनिटायझर शिसं धुवत नाही, साबण-पाणीच हवं. किती लॅबमध्ये बेसिनपाशी साबण असतो? मोजून बघा.

धुरासाठी डोकं जोडाच्या थेट वर न्यायचं नाही, बाजूने बघायचं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बाजूला असा ठेवायचा की तो धूर आपल्यापासून ओढून खिडकीकडे फेकेल. तोंडावर रुमाल बांधून हा धूर अडत नाही. डोळ्यांवर साधा का होईना चष्मा हवा, कारण पार्टचे पाय कापताना तुकडा गोळीसारखा उडतो. सिंथेटिक ओढणी किंवा सैल बाही असेल तर आवरून घ्या, ती पेटण्याआधी वितळून कातडीला चिकटते. आयर्न हातातून निसटलं तर पडू द्या, झेलू नका. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट नको, बर्फही नको. आयर्नच्या प्लगला तिसरी पिन असेल तर बोर्डात बसत नाही म्हणून ती मोडू नका. आणि सध्या ड्रोन आणि ई-सायकलचे प्रोजेक्ट जोरात आहेत म्हणून खास सांगतो, लिथियम सेलवर थेट आयर्न टेकवू नका. उष्णतेने आतलं बिघडून सेल पेटू शकतो. तिथे निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावतात.

मग शिसं नसलेलं सोल्डरच का वापरू नये? युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर बंधन आणलं, आपल्या २०११ च्या ई-कचरा नियमांतही ०.१ टक्क्याची मर्यादा आली. त्यामुळे तुमच्या मोबाइलमधले जोड बहुधा कथील, चांदी आणि तांब्याचे असतात. हे मिश्रण वितळतं साधारण २१७ अंशांना, म्हणजे आयर्न जास्त तापवावं लागतं. ते महागही पडतं, आणि जोड चांगला असला तरी जरा निस्तेज दिसतो, त्यामुळे नवशिक्या गोंधळतो. धूरही कमी होत नाही, कारण राळ-फ्लक्स तिथेही जळतोच. माझं मत विचाराल तर जिथे बेसिन आहे, वेगळं टेबल आहे, अशा लॅबमध्ये शिसंवालं ६३/३७ शिकायला चांगलं. हॉस्टेलच्या खोलीत, जिथे ज्या टेबलावर सोल्डरिंग त्याच टेबलावर मॅगी आणि तिथेच उशी, तिथे बिनशिशाचंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. घरात लहान भावंडं असतील तर प्रश्नच नको, शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो.

यात आणखी एक गोष्ट खुपते. ज्या ग्रुपमध्ये खरंच सोल्डरिंग होतं, तिथे काम कसं वाटलं जातं ते बघितलंय? "तू रिपोर्ट लिही, तुझं अक्षर चांगलंय. तू पीपीटी कर." आयर्न मुलांकडे, फॉरमॅटिंग मुलींकडे. कुणी मुद्दाम करतं असं नाही, सहज होऊन जातं. काळजीपोटीही होतं, 'भाजेल गं'. रोज सकाळी गॅसवर तवा ठेवणाऱ्या हाताला आपण सांगतो की भाजेल! मुलींनो, पुढच्या वेळी रिपोर्ट दुसऱ्याच्या गळ्यात मारा आणि आयर्नसमोरची खुर्ची पकडा. चार वर्षांनी इंटरव्ह्यूमध्ये 'तुमचा प्रोजेक्टमधला वाटा काय' हे विचारतात, तेव्हा 'इंडेक्स आणि मार्जिन' हे उत्तर कुणालाच द्यायला आवडत नाही.

आणि डिग्रीवाल्यांचा तो जुना ताठा. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. तिथली पोरं सोल्डरिंग-डीसोल्डरिंग गिरवून गिरवून करतात, परीक्षाही हातानेच देतात. आपण त्यांना 'फक्त आयटीआय' म्हणतो आणि प्रोजेक्ट बिघडला की गुपचूप त्यांच्याच दुकानात जाऊन 'दादा, एवढं जोडून द्या ना' करतो. हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर करणारा वरचा, ही उतरंड आपल्या समाजात खोल रुतलेली आहे. कॉलेजात येऊनही ती निघत नाही, उलट डिग्रीच्या नावाने आणखी पक्की होते. सर्किटला मात्र कुणाची डिग्री दिसत नाही. त्याला दिसतो जोड.

सायन्स नसलेल्यांनीही हे वाचून पान उलटू नका. एका बाजूने बंद पडलेला वायरचा हेडफोन घरात असेलच. बहुतेक वेळा तार पिनेपाशी तुटलेली असते. नवी ३.५ एमएमची पिन आणा, वायर थोडी मागे कापा आणि जोडा. एकच खुबी आहे. त्या केसासारख्या रंगीत तारांवर लॅकर असतं, ते आयर्न आणि सोल्डरने आधी जाळून तारांची टोकं चकचकीत करून घ्यावी लागतात, नाहीतर जोड लागतच नाही. हे करताना खिडकी उघडी ठेवा. दिवाळीची बंद पडलेली माळ, हालत्या वायरचा चार्जर नसलेला टेबल-फॅन असली घरातली दुरुस्ती मोहात पाडेल, पण थेट मेन्सवर चालणाऱ्या वस्तू सुरुवातीला नकोत. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांपासून सुरू करा. 'राइट टू रिपेअर'साठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलंच झालं. पण दुरुस्तीचा हक्क मिळाला आणि स्क्रू उघडल्यावर पुढे काय करायचं हेच येत नसेल, तर वस्तू जाणार भंगारातच.

कॉलेजकडे मागायच्या गोष्टी फार नाहीत. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये आपण लाकडाचा जोड करतो, लोखंड घासतो, त्यातच दोन प्रॅक्टिकल्स सोल्डरिंगची प्रत्येकाच्या हाताने व्हावीत, पाच जणांत एक आयर्न असं नको. लॅबमध्ये चालू असलेला एक्झॉस्ट, बेसिनपाशी साबण, प्रत्येक टेबलाला चष्मा. यासाठी कुठल्या मोठ्या निधीची वाट बघावी लागत नाही, स्टुडंट कौन्सिलने प्राचार्यांना एक पानाचं पत्र दिलं तरी सुरुवात होईल.

आणि व्हायवाला एक्स्टर्नल येतील तेव्हा पीपीटीच्या चाळीस स्लाइड्स बघण्याऐवजी त्यांनी ग्रुपमधल्या कुणाही एकाकडे बोट दाखवून म्हणावं, "हा एक रेझिस्टर काढा आणि परत लावून दाखवा." पाच मिनिटं लागतील.